हत्यार डब्यात, माणूस आत

बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा पोटाशी धरून सिस्टर निवाऱ्याच्या दारात उभ्या राहायच्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवायच्या, "हत्यार डब्यात, माणूस आत." मग डब्यात खण्ण, खट्ट असे आवाज व्हायचे. सुरे, वस्तऱ्याची पाती, घासून टोक काढलेली कानस, एकदा तर सायकलची चेन. सकाळी जाताना ज्याचं त्याला परत. नियम एवढाच.

नोकरीच्या पहिल्या संध्याकाळी डबा माझ्याही पुढे आला. मी इस्त्रीच्या सदऱ्यात, समाजकार्याची ताजी पदवी घेऊन. "मी कार्यकर्ता आहे," असं मी जरा दुखावूनच म्हणालो. सिस्टरांनी डबा हलवला. शेवटी मी खिशातला नेलकटर टाकला. सकाळी रांगेत उभं राहून तो परत घेतला तेव्हा माझ्या मागचा माणूस, ज्याच्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत वण होता, मला म्हणाला, "बच के रहना पडेगा आपसे."

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. भिवंडीच्या निजामपुऱ्यातला एक बंद पडलेला लूमचा कारखाना आमच्या संस्थेनं भाड्यानं घेतला होता. तिथे रस्त्यावर झोपणारे यायचे, आणि त्यातले बरेच गर्दच्या नादाला लागलेले. व्यसन सोडलंस तरच ये, अशी अट नव्हती. ही कल्पना सिस्टरांची. त्या जवळच्याच टेमघरच्या, सरकारी दवाखान्यातली नोकरी सोडून आलेल्या आणि निवाऱ्याच्या सर्वेसर्वा. सुयासुद्धा त्याच वाटायच्या. वापरलेली आण, नवी घेऊन जा.

एक हवालदार एकदा त्यांना दरडावायला आला होता. गर्दुल्ल्यांना सुया वाटता, लाज नाही वाटत का, वगैरे. सिस्टर पट्टी बांधत होत्या कुणाच्या तरी फुटलेल्या डोक्याची. मान वर न करता म्हणाल्या, "मेलेला माणूस सुधरत न्हाय, साहेब. आधी जिता ऱ्हाऊ दे." वर त्यालाच कात्री धरायला लावली.

तुम्हाला वाटेल, मोठी मायाळू बाई. नव्हती. हात फार वेगानं चालायचा. कोणी डोस जास्त घेऊन निळा पडला की सिस्टर त्याच्या छातीवर बसून थोबाडीत द्यायच्या आणि तोंडानं श्वास भरायच्या. एक फुंकर, एक थप्पड. "घे रे मेल्या श्वास. तुझ्या बापानं भाडं भरलंय काय त्याचं?" तो शुद्धीवर आला की गाल चोळत विचारायचा, मला मारलं कोणी? सिस्टर माझ्याकडे बोट दाखवायच्या. त्यामुळे भिवंडीतल्या निम्म्या गर्दुल्ल्यांच्या नजरेत मी भयंकर माणूस होतो.

माझी खरी कर्तबगारी वेगळी. प्लॅस्टिकच्या सिरिंजा निर्जंतुक करायच्या म्हणून मी त्या स्टोव्हवर उकळत ठेवल्या आणि पाणी आटेपर्यंत विसरलो. त्यांची भजी झाली. आणि माझ्या चपला. वर्षभरात किती जोड गेले ते मी मोजलं नाही, घरी सांगितलंही नाही. दारात काढल्या की गेल्या. मी तक्रार केली की सिस्टरांचं उत्तर ठरलेलं, "डब्यात टाकायची व्हती."

एकदा मी त्यांना विचारलंच, की जप्त केलेली हत्यारं परत कशाला द्यायची? सिस्टर म्हणाल्या, "रातीला मी हाय दारात. दिवसा त्येंच्यासंगं कोण हाय? ठेवून घेतली तर उद्या कोण येतंय आपल्याकडं?"

आता दिलीपचं सांगतो. दिलीप एका कारखान्यात कांड्या भरायचा, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायचा. गर्दनं कामावरून गेला आणि आमच्याकडे झोपू लागला. काडीसारखा. एका दुपारी त्यानं शेजारच्या कारखान्यातल्या लूमच्या मोटारींची तांब्याची तार कापून भंगारात विकली. लूम बंद पडले, कामगारांची रोजी बुडाली. म्हणजे चिडलेल्यांचं काही चुकत नव्हतं, हेही सांगायला हवं.

दिवेलागणीला लाइट गेली. निजामपुऱ्यात लाइट गेली की लूमचा खडखडाट एकदम थांबतो आणि माणसांचे आवाज ऐकू येतात. त्या दिवशी ऐकू आला तो घोळक्याचा. पुढे त्या कारखान्याचा मुकादम, हातात लोखंडी गज. दिलीप आतल्या भिंतीला चिकटला. डबा नेमका माझ्या हातात होता.

मुकादम दारात आला. मी काय करायला हवं होतं? दार लावायला हवं होतं. मी काय केलं? सवयीनं डबा पुढे केला आणि बकरीच्या आवाजात म्हणालो, "हत्यार डब्यात."

मुकादमानं डब्यावर गज हाणला. डबा उडाला आणि सगळे सुरे, पाती, ती कानस खोलीभर पसरली. आमच्या लोकांच्या पायाशी. वीस-पंचवीस माणसं, सगळी रस्त्यावर मार खाल्लेली, आणि समोर त्यांचीच हत्यारं. गालावर वण असलेला वाकला. त्याची बोटं सुऱ्यापासून वीतभर लांब होती.

"उचलू नका," सिस्टर म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. "सकाळी मिळंल."

तोपर्यंत मुकादम दिलीपपर्यंत पोचला होता. पहिला घाव जबड्यावर बसला. लाकूड फुटल्यासारखा आवाज आला. दुसरा बरगड्यांत. दिलीपच्या तोंडातून रक्ताबरोबर दात पडले. सिस्टर मधे घुसल्या आणि त्याच्यावर आडव्या झाल्या. तिसरा घाव त्यांच्या मनगटावर आला. हात कोपराखाली भलत्याच दिशेला वळला. मी मुकादमाचं धोतर धरायला झेपावलो. त्यानं पँट घातली होती. मी तोंडावर आपटलो.

आणि तरीही कोणी काही उचललं नाही. ते सगळे जागच्या जागी उभे होते. कुणी हुंदके देत होता, एकजण भिंतीवर डोकं आपटत होता, वण असलेल्यानं आपलाच हात दातात धरला होता. पण पात्यांना हात नाही. बाहेरच्यांच्याही ते लक्षात आलं असावं. त्यांच्यातल्याच एका कामगारानं मुकादमाला मागून कव घातली, "बस करो. बाई मर जायेगी." गज खाली पडला. घोळका आला तसा गेला.

सकाळी सिस्टर हात झोळीत बांधून दारात हजर. ज्याचं त्याला परत दिलं. तळाशी गज उरला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पदवीधर, हा पोचवून ये."

मी हातात गज, कपाळाला टेंगूळ, अशा अवतारात त्या कारखान्यात शिरलो. मुकादमानं मला पाहिलं आणि तो लूमच्या मागे पळाला. मी त्याच्यामागे. "अहो, परत द्यायचाय," असं मी ओरडतोय, पण एव्हाना नवी तार घालून लूम सुरू झालेले, ऐकतोय कोण! दोन फेऱ्या झाल्यावर तो दमून उभा राहिला. गज घेतला. मग त्यानं फक्त विचारलं, "हाथ टूटा क्या बाई का?"

दिलीप वाचला. जबडा वाकडाच राहिला. दोन महिन्यांनी त्यानं आमचाच स्टोव्ह चोरला. सिस्टरांनी त्याला थोबाडीत दिली, चांगल्या गालावर, आणि आत घेतलं.

दशक सरता सरता सिस्टर गेल्या. हृदयविकारानं, दुपारच्या झोपेत. टेमघरच्या त्यांच्या घरात बुद्धवंदना चालू होती. निवाऱ्यातली माणसं आली. कोणी सांगितलं नव्हतं, पण उंबऱ्याशी येऊन सगळे थबकले आणि इकडेतिकडे बघू लागले. सिस्टरांच्या वहिनींना कळेना. मी म्हटलं, काहीतरी भांडं द्या. त्यांनी परात आणली. खण्ण, खट्ट. दिलीपनं सर्वांत शेवटी वाकून आपलं पातं ठेवलं आणि वाकड्या तोंडानं आत गेला.

नंतर निघताना ज्यानं त्यानं आपापलं उचललं. परात रिकामी झाली. मीही दाराशी आलो. माझ्या चपला नव्हत्या.

मी तिथेच उभा राहिलो. आतून ते ठरलेलं उत्तर येईल म्हणून जरा थांबलो. मग अनवाणीच रस्त्याला लागलो.