मधात आलेली पृथ्वी

एक कृष्णविवर दर नव्वद मिनिटांनी मालवतं आणि पुन्हा पेटतं, हा शोध मी वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या आमच्या घरी, आईच्या शिलाई मशीनवर ठेवलेल्या कॉम्प्युटरसमोर लावला. एम.एस्सी. नुकती झाली होती आणि गणपतीसाठी घरी आलो होतो. एका अंतराळ दुर्बिणीची जुनी मोजमापं पुण्याच्या सरांनी सीडीत भरून दिली होती. शेजारच्या ताऱ्याचा वायू कृष्णविवरात पडताना इतका तापतो की त्यातून क्ष-किरण निघतात. ते किती येतात याचा आलेख मी काढला, तर तो दर नव्वद मिनिटांनी थेट जमिनीला टेकायचा. जगात हे कुणीच पाहिलेलं नाही, असं मला वाटलं. तेविसाव्या वर्षी असं फार लवकर वाटतं.

वर्ध्याच्या इंटरनेट कॅफेतून सरांना ईमेल टाकली. उत्तराची वाट पाहायची सोडून जेवताना घरी बोलून बसलो. बाबा निवृत्त भूगोल शिक्षक. अर्धी कॉलनी त्यांच्या छडीखालून गेलेली. ‘बरं’ एवढंच त्यांचं कौतुक, तेही मी दोनदाच ऐकलेलं. त्या दिवशी मात्र हातातला घास ताटात ठेवून ते म्हणाले, “काय सांगून राह्यला!” आणि तसेच उठून गणेश मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले. परतले ते माझा सत्कार ठरवूनच. रविवारी, आरतीनंतर, शाल आणि नारळ.

रविवारी दुपारी सरांचं उत्तर आलं. दुर्बीण नव्वद मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी मारते. प्रत्येक फेरीत काही वेळ पृथ्वी आड येते. तेवढी मोजमापं आधी गाळायची असतात, ती तू गाळलेली नाहीस.

कॅफेतून सायकल हातात धरून चालत आलो. घर जितकं उशिरा येईल तितकं बरं होतं. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “गुपचूप शाल घे. कोणाले काय समजते?” मला ते एकदम पटलं. पण आतल्या खोलीत बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आरशासमोर भाषणाची तालीम करत होते. “माझ्या मुलाने” म्हटलं की दरवेळी त्यांचा आवाज अडकायचा. ते ऐकवेना. आत जाऊन सांगून टाकलं.

बाबांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

“चाल,” ते म्हणाले, “आरती आटोपली असन.”

मांडवात त्यांनी माईक घेतला. “माझ्या मुलाने,” आवाज अजिबात अडकला नाही, “चूक केली.”

अध्यक्ष शाल उलगडता उलगडता थांबले. बाबांनी त्यांना नारळासकट मधोमध उभं केलं. “हे मधात आलेली पृथ्वी. तो गणपतीपुढचा दिवा म्हणजे कृष्णविवर. अन् तू दुर्बीण. फीर.”

मी अध्यक्षांभोवती फिरू लागलो. त्यांचा घेर पृथ्वीला शोभण्यासारखाच होता.

“दिवा दिसून राह्यला का?”

“हो.”

“आता?”

“नाही.”

“काऊन?”

“अध्यक्ष आड आले.”

मांडव हसून लोळायचा बाकी राहिला. सगळ्यात जोरात पृथ्वी हसत होती. बाबांनी मला तीन फेऱ्या मारायला लावल्या.

“नव्वद मिनिट म्हटल्यावर मलेच समजाले पाह्यजे होतं,” ते माईकमध्ये म्हणाले. “ग्रहणात कोण कोणाच्या आड येते, तीस वर्षं हेच शिकवलं. पोराच्या कौतुकात पृथ्वीच इसरलो.” मग अध्यक्षांच्या हातातली शाल घेऊन त्यांनी स्वतः माझ्या खांद्यावर टाकली. “हे शोधाची नाई. घरी येऊन खरं सांगतलं, त्याची.”

मला रडू आलं. अध्यक्षांच्या आडोशाला जाऊन रडून घेतलं.

चार वर्षांनी त्याच कृष्णविवरावरचा माझा पहिला शोधनिबंध छापून आला. मी बाबांना फोन केला. पलीकडे चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज आला. चष्मा पुसत असावेत.

“मधात पृथ्वी पाह्यली का?” त्यांनी विचारलं.

“गाळली, बाबा.”

“बरं,” ते म्हणाले.