शंतनूने भिंत काढली

माझ्या मैत्रिणीचा, मीनाक्षीचा मुलगा शंतनू अमेरिकेतल्या आमच्या एडिसनमध्येच वाढला आणि टीव्हीवरचा नट झाला. २००१च्या हल्ल्यानंतर दोन वर्षं त्याला एकच काम मिळे, विमानतळावर तपासणीसाठी बाजूला काढलेल्या माणसाचं. मग एका हॉस्पिटलच्या मालिकेत तो एक्स-रे काढणारा झाला. चार वर्षं परक्यांची हाडं उजेडाकडे धरून बघत राहिला, आणि मधल्या सुट्टीत लिहीत राहिला.

२००७च्या जुलैत त्याने लिहिलेला भाग मंजूर झाला. एक्स-रेवाल्याच्या घरचा गणपती. दिग्दर्शनही त्याचंच, पहिल्यांदाच. अट एवढीच की घरातले सातही प्रसंग एकाच दिवसात, संध्याकाळी सहाच्या आत संपले पाहिजेत, नाहीतर पुन्हा दिग्दर्शन नाही.

मखर मांडायला त्याने मला सेटवर नेलं. काय ते घर! वर छत नाही, खिडकीबाहेर रंगवलेलं मेपलचं झाड, आणि दिव्यांची संध्याकाळ सकाळी नऊपासून तशीच थांबलेली. त्या उजेडात मी कुठे हरवले कोण जाणे. मूर्ती पाटावर ठेवली, तुपात बुडवलेल्या दूर्वा तिच्या डोळ्यांना लावल्या, ओठ आपोआप मंत्र म्हणत गेले. ना तिथी, ना वार.

तीनला शंतनू कॅमेऱ्यातून बघत म्हणाला, "काकू, बाप्पाला सहा इंच लेफ्टला घेऊ या."

"आता नाही हलवता येणार रे. प्राणप्रतिष्ठा झाली."

"काकू! शूटिंगचा प्रॉप आहे तो!"

"सकाळी होता."

"मग ती उत्तरपूजा करून टाका ना पटकन."

"अजून नैवेद्य नाही झाला. पाहुण्याला उपाशी पाठवू? आईला विचार फोन करून."

"नको, ती तुमच्यापेक्षा डेंजर आहे."

निर्मातीबाई घड्याळ बघत आल्या. चूक माझीच होती. म्हटलं, "उचल बाबा, मी मागेन त्याची क्षमा."

शंतनू मूर्तीकडे बघत उभा राहिला. मग सुतारांना म्हणाला, "मागची भिंत काढा."

तिथल्या भिंतींना चाकं असतात. मेपलसकट भिंत अलगद सरकली, देव जागचा हलला नाही. कॅमेरा मूर्तीच्या पाठीशी गेला. आता दिसत होते ते आरती करणाऱ्यांचे उजळलेले चेहरे.

यात पाऊण तास गेला. उरला सातवा प्रसंग, त्याचा स्वतःचा. एक्स-रेवाल्याचं विमानतळाबद्दलचं लांबलचक बोलणं. त्या एका पानासाठीच त्याने हा भाग लिहिला होता. त्याने पेन काढलं आणि पानावर उभी रेघ मारली.

"एक्स-रेवाला बोलत नाही. आरतीत नुसत्या टाळ्या वाजवतो."

सहाला पाच कमी असताना संपलं. मी मोदकाचा नैवेद्य दाखवला, उत्तरपूजेच्या अक्षता वाहिल्या. म्हटलं, "आता हलव." त्याने मूर्ती सहा इंच डावीकडे सरकवली आणि हसत सुटला.

पुढचा भागही दिग्दर्शनाला त्याच्याकडेच आला. गणपतीचा भाग आम्ही मीनाक्षीच्या घरी पाहिला. आरतीत शंतनू टाळ्या वाजवता वाजवता थांबतो आणि डोळे उघडून देवाकडे बघतो, उजेडाकडे एक्स-रे धरल्यासारखा.

"बोलत का नाही हा?" मीनाक्षीने विचारलं, आणि मग त्याने थांबवलेल्या टाळ्या तीच वाजवू लागली.