जिल्ह्याचा टँकर

दुष्काळाच्या वर्षी मी उदगीरला मामांकडे जत्रेला गेले. किल्ला जागेवर होता, पाळणे आले होते, पण घरात पाण्याचा थेंब नव्हता. मामा सांगत होते, "यंदा पुढारी जत्रेतच उदगीर नवा जिल्हा जाहीर करतेत. मग पाणीच पाणी!"

तेवढ्यात गल्लीत आठ दिवसांतला पहिला टँकर आला. मामी घागर घेऊन धावली. मला धावायची लाज वाटली. टँकर मात्र थांबलाच नाही. पुढाऱ्यांच्या कपड्यांवर धूळ बसू नये म्हणून तो रस्ता भिजवत चालला होता.

मामीनं घागर मामांच्या हातात कोंबली. "पळा की ओ! तुमचा जिल्हा चालला बघा."

मामा टँकरमागं पळत, अंगावर चिखल उडवून घेत अर्धी घागर भरून आले. मामी ते गढूळ पाणी पदरातून गाळत असताना मामा मला म्हणाले, "जिल्ह्याचे टँकर लई मोठे राहतेत, माय."