प्रत्येकी एक खोट

आमच्या गिटारवाल्यांच्या बैठकीत टाळ्या वाजवायच्या नाहीत, हे पहिल्या वर्षीच ठरलं. ज्यानं त्यानं स्वतः बांधलेली धून वाजवायची आणि ती संपली की बाकीच्यांनी प्रत्येकी तिच्यातली एक खोट सांगायची. एकच सांगायची, पण खरी. शेवटी ज्याची धून आवडली त्याचं नाव घ्यायचं, स्वतःचं सोडून. ज्याच्या नावावर जास्त जण, त्याला पायलीभर चिन्नोर तांदूळ. एवढीच आमची स्पर्धा. वर्षातून एकदा, धान निघालं की, मूल गावातल्या एका राइस मिलच्या मागच्या अंगणात, मिलच्या सुट्टीच्या दिवशी दुपारच्या उन्हात बसतो.

आम्ही चौघं. एक त्याच मिलमधला फिटर, हसरा आणि बोलका. दुसरे ब्रह्मपुरीच्या कॉलेजातली प्रयोगशाळा सांभाळणारे भाऊ, ते फार कमी हसतात. तिसरी धानोऱ्याकडची वनरक्षक. मी तिला पोरगी म्हणते, पण आहे तिशीची बाई. आणि चौथी मी, ब्रह्मपुरीचीच, चौसष्ट वर्षांची. आम्हाला कुणालाच कुणी शिकवलेलं नाही. फिटर मोबाइलवर बघून शिकला. वनरक्षक पोरीच्या क्वार्टरवर मोबाइलला रेंजच नाही, ती चाचपडत शिकली. माझी गोष्ट पुढे सांगते.

वाजवायला गिटार मात्र सगळ्यांना एकच, प्रयोगशाळावाल्या भाऊंची. एकाची गिटार महागाची आणि दुसऱ्याची प्लायवूडची असली तर स्पर्धा माणसांची राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते मोबाइल समोर ठेवून, त्यात सूर बघत अर्धा तास तारा सुरात लावतात. एकदा लावल्या की खुंट्यांना कुणी हात लावायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा वाजवायला बसले. घरी चार महिने घासलेली धून होती. धानाची रोवणी करताना माणूस वाकून मागे मागे सरकतो ना, तशी ती वरून खाली उतरत येते. बाप्पा, त्या गिटारवर बोटं ठेवली आणि भलतंच काही निघायला लागलं. बोटं जागेवरच पडत होती, पण सूर माझे नव्हते. वाटलं, घाबरले मी. कसंबसं संपवलं आणि मान वर केली.

फिटर म्हणाला, "मस्त, मावशी!"

वनरक्षक पोरगी म्हणाली, "छान वाजवलं तुम्ही. ह्या वयात एवढं कोण करते?"

भाऊ नुसते म्हणाले, "हं. ठीक हाये."

मी म्हटलं, "अन् खोट?"

"खोट कायची, मावशी? तुम्ही वाजवलं हेच बहोत झालं," फिटर म्हणाला आणि गिटार पोरीकडे दिली.

मग तिच्या धुनेवर दोघांनी कशी खोट काढली ते मी ऐकत बसले. भाऊंनी तिला पार सोलून काढलं. ती वाद घालत होती, हसत होती, "पुढच्या वर्षी दाखवते तुम्हाले" म्हणत होती. माझ्या वाट्याला काय आलं, तर माझं वय. जीपमधून ब्रह्मपुरीला परत येताना मला रडू येत होतं. वाईट वाजलं याचं एवढं काही नाही. वाईट वाजलं हे तिघांनाही कळलं होतं, आणि ते मला सांगण्याइतकं कुणी मला आपल्यातलं समजलं नाही, याचं होतं. पुढच्या खेपेला एक खरी खोट मिळवायची, एवढंच मी मनाशी धरलं.

पण ती धून बिघडली कशानं, ते मला कळेना. घरी वाजवली की बरोबर निघायची. ते कोडं सुटलं उन्हाळ्यात. वनरक्षक पोरगी कामासाठी ब्रह्मपुरीला आली, तेव्हा माझ्याकडे जेवायला थांबली. मी भाकरी टाकत होते. तिनं भिंतीवरची माझी गिटार काढली, एकदा सगळ्या तारांवरून बोट फिरवलं आणि थांबली.

"मावशी, ही कोणत्या सुरात लावून ठेवली?"

"कोणत्या म्हणजे? गिटारच्या."

"नाई वं मावशी. ह्या तारा अशा नसतात." तिनं पुन्हा बोट फिरवलं. "पर गोड लागून राह्यलं. हे तुम्हाले कोणं सांगितलं?"

कुणी सांगणार? ही गिटार माझ्या लेकीची, कॉलेजातली. ती लग्न होऊन नागपूरला गेली आणि गिटार कपाटावर राहिली. मी उतरवली तेव्हा सगळ्या तारा ढिल्या लोंबत होत्या. तारांचे सूर आधीच ठरलेले असतात, हे मला कुठं माहीत? मला वाटलं, ज्याच्या कानाला बरं लागेल तसं त्यानं लावायचं. मग मी खुंटी पिळत जायची आणि तार कुणासारखी बोलायला लागली की थांबायची. तरुणपणी आम्ही सहाजणी एका ओळीत रोवणी करायचो आणि गायचो. जाड तार मी माझ्या मोठ्या जावेसारखी लावली, तिचा आवाज पुरुषी. तिच्या पुढची शेजारणीसारखी. मग माझी नणंद. मग दोघी सख्ख्या बहिणी, त्यांचा आवाज अंधारात ओळखू यायचा नाही, म्हणून त्या दोन्ही तारा एकाच सुरात. आणि सगळ्यात बारीक तार माझी.

हे ऐकून ती पोरगी हसत सुटली. मग म्हणाली, "म्हणून त्या दिवशी तुमचं सारं बिघडलं! आम्ही समजलो मावशीले येतच नाई."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "लिहाज वाटला तुमच्या वयाचा."

त्या हिवाळ्यात मी तापानं पडून होते, बैठकीला गेले नाही. यंदा गेले. गिटार हातात घेण्याआधीच सांगून टाकलं, "भाऊ, मले खुंट्या फिरवाच्या हायेत."

प्रयोगशाळावाल्या भाऊंचा चेहरा उतरला. "बाई, अर्धा घंटा लागते मले लावाले. नियम हाये आपला."

"माही धून ह्या तारांत बसत नाई."

"मंग धून बदलवा ना. तार काऊन बदलवता?"

फिटर मध्ये पडला. "भाऊ, मावशी म्हणते तर फिरवू द्या ना. एवढ्या दुरून आल्या."

मला तेच नको होतं. मी म्हटलं, "दुरून आली म्हणून नाई. स्पर्धेत बसली म्हणून. मोबाइलनं तार लावलेली चालते, तर कानानं लावलेली काऊन नाई चालत?"

"बारीक तार तुटली तर?" भाऊ म्हणाले.

"तिलेच तर ढिली करते मी."

वनरक्षक पोरगी हसू दाबत म्हणाली, "भाऊ, नियम गिटार एक ठेवाचा हाये. सूर एक ठेवाचा कुठी हाये?"

भाऊंनी गिटार माझ्या मांडीवर ठेवली. दिली नाही, ठेवली. तोंड वळवून धानाच्या पोत्यांकडे बघत बसले.

मी लावायला लागले. मला ते मनातल्या मनात जमत नाही. एकेकीचा आवाज आधी गळ्यातून काढावा लागतो, मग तार तिथपर्यंत न्यावी लागते. जावेचा जाड आवाज काढला तेव्हा फिटर फिस्सकन हसला. "ह्या कोण बाप्पा?" "माही जाऊ," मी म्हटलं. मग तोच विचारायला लागला, आता कोण, आता कोण. दोघी बहिणींच्या तारा जुळेनात. एक जरा वर राहायची. मी तीनदा पिळल्या. तेव्हा भाऊ, तोंड तसंच वळवलेलं, म्हणाले, "त्यातली जाडी तार अजून चढी हाये." ते ऐकत होते तर.

मग मी वाजवली. यावेळी बोटाखालून माझेच सूर आले. मागे मागे सरकत धून खाली उतरली, मधल्या भागात तीच ओळ फिरून फिरून आली, रोवायची बांधी, म्हणजे बांधातलं धानाचं शेत, मोठी असली की होतं तसं, आणि मी थांबले.

फिटर म्हणाला, "मस्त, मावशी!"

पुन्हा तेच. मी म्हटलं, "खोट सांग, बापू."

तो डोकं खाजवायला लागला. "आता काय सांगू..."

"मी सांगतो," भाऊ म्हणाले. राग अजून गेलेला नव्हता. "मधातला भाग फालतू लांबवला तुम्ही, बाई. चार खेपा तेच. ऐकणारा कटाळते. अन् तुमचा अंगठा मागं राह्यते."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं, मी रडते की काय म्हणून. मी रडत नव्हते. तिला धीर आला असावा. म्हणाली, "अन् शेवट केलाच नाई तुम्ही, मावशी. नुसत्या थांबल्या. मले वाटलं तार तुटली."

मग फिटरलाही तोंड फुटलं. "खरं सांगू काय? सुरुवातीले इतकं हळू वाजवता, का मिलमधली चिमणी बी आयकाची नाई."

"भाऊ, तुम्ही दोनदा खोट काढली. एकच काढाची असते," मी म्हटलं.

"अंगठ्याची वापस घेतो. लांबल्याची नाई घेत."

"लांबली नाई ते. बांधीच लांब असते."

"बांधी लांब असन, पर आम्ही काय रोवाले आलो काय?"

यावर आमची चांगलीच जुंपली. पोरगी भाऊंच्या बाजूनं, फिटर कधी इकडे, कधी तिकडे. भाऊंनी गिटार घेऊन मधला भाग माझ्याच तारांवर वाजवून दाखवायचा प्रयत्न केला आणि त्यांना काहीच जमेना, तेव्हा मी अगदी पोटभर हसले. पण त्यांनी हार मानली नाही. तांदूळ वनरक्षक पोरीला मिळाला. माझं नाव फिटरनं घेतलं. लिहाजानं घेतलं की मनापासून, ते मी विचारलं नाही. गरजच वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी घरी मधल्या भागातल्या दोन खेपा काढून वाजवून पाहिलं. चांगलं लागतं. मग आणखी एक काढली. आणखी चांगलं लागतं. हे मी भाऊंना अजून सांगितलेलं नाही. कॉलेजच्या रस्त्यावर ते परवा दिसले, तेव्हाही मी त्यांना म्हटलं, "बांधी लांबच असते, भाऊ," आणि त्यांनी सायकल थांबवून पुन्हा वाद घातला.