वळणावर मारलेली फक्की

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवाला तर नाहीच — आणि मी असा माणूस, की माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. जिंतूरपासून सोनपेठपर्यंत कुठल्याही हॉटेलात विचारा. माझ्या स्लॅबवर हत्ती नाचवला तरी भेग पडत नाही, मी बांधलेल्या दवाखान्याचं नुसतं दार बघून माणूस बरा होतो — या सगळ्या बाता माझ्याच. मग ही एकच गोष्ट घशात का अडकली? कळत नाही. खरंच कळत नाही.

आमच्या तालुक्याच्या दवाखान्याची नवी इमारत निघाली, तेव्हा साइटवर इंजिनिअर मी. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे — पाया खणायच्या आधी जमिनीवर चुन्याची पांढरी फक्की मारून भिंती आखायच्या आणि घरच्या बाईनं त्या रेघांमधून चालून बघायचं. चूल इथं, मोरी तिथं. मी म्हटलं, दवाखान्यालाही तेच करू. इथली घरची बाई म्हणजे वालूरच्या सुमन सिस्टर. ऑपरेशन थिएटर त्याच सांभाळायच्या. साहेब लोक खूश. काय डोकं आहे, म्हणाले!

डोकं होतंच. कारण आदल्या दिवशीच नकाशात मला दिसलं होतं — थिएटरपुढच्या वळणावर स्ट्रेचर वळणार नाही. भिंत हातभर सरकवायला हवी. म्हणजे नकाशा परत वर जाणार, सह्या होणार, काम थांबणार. आणि मी तर गावभर सांगून बसलेलो, की मुदतीच्या आधी किल्ली देतो. मग मी काय केलं?

मी — कसं सांगू — वळणाची फक्की नकाशापेक्षा हातभर रुंद मारली. फक्त तिथं.

सिस्टरनी जुनं स्ट्रेचर आणवलं, वर एका धिप्पाड शिपायाला झोपवलं, फिरवलं. फिरलं की! "बेस हाय," म्हणाल्या, "लय मोकळं झालं." चार दिवसांत वाऱ्यानं फक्की उडाली. खोदायच्या वेळी मी नवी मारली — नकाशाबरहुकूम.

इमारत मुदतीआधी उभी राहिली. हार, फेटे, भाषणं. आणि पहिल्याच सिझेरियनला स्ट्रेचर वळणावर अडकलं. बाई कळा देतीय, नातेवाईक ओरडायलेत — शेवटी चादरीची झोळी करून तिला आत नेलं. बाळ-बाळंतीण वाचली. उरल्यासुरल्या कामासाठी मीही तिथंच होतो. पण नंतर डॉक्टर सगळ्यांसमोर सिस्टरवर कडाडले, "तुम्हीच फिरवून बघितलं होतं ना? डोळे कुठं होते?"

सिस्टरनी माझ्याकडं बघितलं. संशयानं नाही हो — आधारासाठी. "इंजिनिअरसाहेब, तवा तर फिरलं होतं की ओ?"

तेव्हा बोलता आलं असतं. मी काय बोललो? "सिस्टर, मोकळ्या रानात समदंच रुंद दिसतंय!" लोक हसले. माझ्या बातांना हसतात तसेच.

"व्हय," त्या हळूच म्हणाल्या, "माझीच नजर चुकली असंल."

मी कुणाला भ्यालो? नोकरी काही जात नव्हती. तेव्हा नकाशातच भिंत सरकवायला महिना गेला असता, फार तर दोन. आणि गप्प बसलो असतो तरी चाललं असतं — तो विनोद कशाला केला? उलटंपालटं करून बघतो, हाती काही लागत नाही.

पुढं शेजारच्या तालुक्यात दवाखान्याचं काम निघालं. सल्ल्याला सिस्टरना बोलावलं. "मला नका इचारू, मला अंदाज न्हाई," म्हणाल्या. मग मला बोलावलं. मी गेलो. बांधायच्या आधी वापरणाऱ्याला विचारा, यावर असं भाषण ठोकलं, की टाळ्या थांबेनात.

ती भिंत आता पाडता येत नाही. वरचा मजला तिच्यावरच तोललाय. डागडुजीच्या निमित्तानं मी अजून तिथं जातो. ऑपरेशनचा पेशंट आला की आजही सिस्टर धावत त्या वळणावर येतात, झोळीचं पुढचं टोक स्वतः धरतात. गुडघे गेलेत, तरी दुसऱ्या कुणाला धरू देत नाहीत. म्हणतात, माझ्या चुकीचं ओझं आहे, मीच उचलते.

त्यांची चूक नव्हती. मी तिथं उभा असतो, आणि बघतो.