काउंटरवर स्पष्ट बोललेले गृहस्थ

कर्वेनगरच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये कडक इस्त्रीचा शर्ट घातलेल्या साठीच्या एका गृहस्थांनी काउंटरवर स्वच्छ सांगितलं, "लिंगाची ताठरता टिकत नाही. डॉक्टरांनी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम सांगितलेत."

त्याच तक्रारीसाठी आलेला मी मान खाली घालून बसलो होतो. ते शेजारी बसल्यावर मी हळूच विचारलं, "अहो, फरक पडतो का?"

"पडतो. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो, तेच आवळायचे आणि सोडायचे. आत्ताही तेच करतोय." चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. "घरी सुरू करून तीन महिने झाले. पूर्ण बरा नाही, पण सोडणारही नाही. आता निदान बायकोकडे पाठ करून झोपत नाही."

त्यांना आत बोलावलं. मी जिन्यात जाऊन बायकोला फोन केला आणि वर्षभर टाळलेलं सगळं सांगितलं.

"थांबा तिथेच," ती म्हणाली, "मी येते."