माकुणसारचा चाफा आणि टाकीतला वारा

"तू संस्कृत शिकलास ना? मग ये. एक निकाल द्यायचा हाय," माकुणसारच्या मावशीने फोनवर फर्मावलं. माझ्या संस्कृतला आयुष्यात प्रथमच कुणी कामावर बोलावलं होतं. शनिवारी पहाटेच नाशिक सोडलं.

जव्हारमार्गे जाणार असाल तर असंच लवकर निघा. घाटाची वळणं देखणी आहेत; पुढचे खड्डेही कमी कलात्मक नाहीत. मनोरला वडापाव, चहा झाला की शंभराच्या नोटेत दोघांचं भागतं. मी आधी चिल्हार फाट्यावरून बोईसरकडे वळलो, कारण वडील तिथल्या कारखान्यात होते आणि माझं बालपण सालवडच्या चाळीत गेलं. चाळीमागे उघडं गटार होतं. आमच्या क्रिकेटचा एकमेव निरपवाद नियम : चेंडू गटारात गेला की आऊट. आता गटारावर फरशा आहेत आणि त्यांच्यावरच पोरं खेळतात.

"अंकल, साइड! नाले में गया तो आउट है!"

नाला दिसत नाही, नियम मात्र वाहतोच आहे.

पालघर ओलांडून माकुणसारला पोचलो. अंगणात सोनचाफ्याचा सडा आणि देवघरात विकतचा झेंडू. खटला तोच होता. चाफा मावशीच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी लावलेला. ते गेले, मग विहीर मचूळ झाली आणि झाड वाळायला लागलं. तेव्हा मावसभाऊ नितीनने अंगणात सांडपाणी शुद्ध करणारी टाकी पुरली. चाफा तरारला, पण मावशीने त्याचं फूल देवाला वाहणं सोडलं.

"संडासाचं पाणी पिलेलं फूल? नाय बाबा!"

नितीनने झाकणं उघडून दाखवलं. पहिल्या कप्प्यात जड गाळ बसतो. दुसऱ्यात पंप सतत हवेचे बुडबुडे सोडतो. त्या हवेवर जगणारे जिवाणू घाण खाऊन टाकतात. तिसऱ्यात उरलेला गाळ तळाशी जातो, वरचं नितळ पाणी क्लोरीनच्या गोळ्यांवरून झाडाच्या मुळाशी. प्यायचं मात्र नाही. फिनेल, ॲसिड ओतायचं नाही, पंप बंद करायचा नाही.

"आई सुरुवातीला आवाज होतो म्हणून बंद करायची. वास सुटायचा. जिवाणू गुदमरतात तिच्यायला!"

"मग त्यांना खिडकी ठेव," मावशी म्हणाली.

मी घसा साफ केला. "मावशी, वाऱ्याला पवन म्हणतात. शब्द 'पू' धातूपासून आला. अर्थ शुद्ध करणारा. टाकीत तेच चाललंय."

"वाऱ्याने शुद्ध होतं? मग तू जन्मभर पंख्याखाली बसलास, तू कसा नाय झालास?"

न्यायालय तहकूब झालं. संध्याकाळी केळव्याचा किनारा पाहून आलो. (जवळच आहे, चुकवू नका.) अंगणात पंपाची घुंई चालू होती.

"आता बंद नाय करत," मावशी स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "तुझे काका घोरायचे ना, अगदी तसंच."

सकाळी पाहतो तर देवघरात झेंडूच, पण काकांच्या फोटोला टपोरा चाफा.

"देवाचं नंतर बघू. यांना चालतं. झाड यांचंच हाय."

निघताना तिने डबाभर चाफा दिला. नाशिकला आल्यावर आंघोळ करून फूल उचललं आणि निकाल देणाऱ्या न्यायाधीशाचा हात देवापुढे चक्क अडला. डोळ्यांसमोर ती तीन झाकणं. मग वास घेतला. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मावशीच्या अंगणात यायचा, तोच.

फूल वाहिलं आणि फोन लावला. "मावशी, वाहिलं हं देवाला."

पलीकडून आधी घुंईच ऐकू आली.

"काय झालं का?"

"काय व्हायचंय?"

"बरं," ती म्हणाली. "मग उद्या झेंडू नाय आणत."